‘टच’च्या पुढचा ‘टू’

प्रश्न मालवणहून आलाय. विचारणारे पर्यटकांना स्नॉर्केलिंगला नेतात आणि पाण्यात उतरण्याआधी बजावतात, ‘डोन्ट टच टू द कोरल.’ एका पाहुण्याने ‘टू’ नको म्हणून सांगितलं. ‘प्रवाळाला हात लावू नका, यातला ला मग गेला कुठे?’ असं त्यांचं म्हणणं.

तुमचा ‘टू’ थेट मराठीतून आलाय, म्हणून प्रश्न मला फार आवडला. आपण ‘हात लावतो’. लावायचा तो हात, आणि जिथे लावायचा ते प्रवाळ; म्हणून प्रवाळाला ‘ला’. इंग्रजी ‘टच’च्या पोटात लावणं आणि हात दोन्ही आहेत, त्यामुळे प्रवाळ सरळ कर्म होतं: ‘डोन्ट टच द कोरल.’ ‘स्पर्श करणे’चंही हात लावण्यासारखंच. ‘शिवणे’त मात्र हात कुठेच दिसत नाही, तरी आपण ‘त्याला शिवू नको’ म्हणतो. ‘ला’ची सवय इतकी मुरलेली आहे.

गंमत पुढे आहे. काय टेकवलं ते वेगळं सांगितलं, की ‘टू’ परत येतो. देवळात बाईंनी जमिनीला कपाळ टेकलं, तर ‘शी टच्ट हर फोरहेड टू द ग्राउंड’ अगदी बरोबर. (उच्चार ‘टच्ट’च, ‘टचेड’ नव्हे.) पाया पडताना मात्र नुसतं ‘टच हिज फीट’.

आता तुमच्या कामाचं. होडीत दाटीने बसलं की शेजारच्याला पाय लागतो. आपण तो लावत नाही. लागणे आणि लावणे हा भेद मराठीने किती नेटका जपलाय! इंग्रजीत दोन्हीला ‘टच’च चालतं. पण ऐकणाऱ्याला आधी हातच आठवतो, आणि प्रवाळ जिवंत प्राणी आहेत, पोहताना पायात घालतात त्या फिनचा फटकाही त्यांना मोडतो. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासूनचं आहे, तिथे एवढी काळजी हवीच. म्हणून पुढे जोडा, ‘नॉट इव्हन विथ युअर फिन्स.’

जाता जाता, ‘रोड टच जमीन’, ‘सी टच प्लॉट’ या आपल्या जाहिरातींतला ‘टच’ म्हणजे ‘लगत’. तो आता मराठीच झालाय, खुशाल वापरा. परदेशी पाहुण्याला मात्र ‘माय हाउस इज सी टच’ कळणार नाही. त्याला ‘राइट बाय द सी’ सांगा.