तोंडी ठरलं तरी करारच

प्रिय,

ओळखीतल्या माणसाचा जुना लॅपटॉप घेतोयस आणि 'आपसातल्या व्यवहारात कायदा कशाला' म्हणतोस. भाव ठरून दोघांनी होकार दिला की करार झालाच. भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे तोंडी करारही चालतो, स्टँपपेपर लागत नाही. घोडं अडतं ते पुराव्यापाशी. म्हणून ठरलेलं सगळं त्याच दिवशी मेसेजवर पाठव आणि त्याचा होकार मागून घे.

दर्जाची हमी मात्र गृहीत धरू नकोस. माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ मधली दर्जाची गर्भित, म्हणजे न बोलताही धरली जाणारी, अट त्या मालाचा धंदा करणाऱ्याला लागू होते, घरातली वस्तू विकणाऱ्याला नाही. तिथे तुझे प्रश्नच कामाला येतात. पाणी सांडलं होतं का? मदरबोर्ड दुरुस्त केलाय का? बॅटरी मूळचीच आहे? हे लेखी विचार. विकणारा नुसता गप्प बसला तर ती सहसा फसवणूक ठरत नाही. जाणूनबुजून खोटं सांगून तुला व्यवहारात ओढलं, तर ती फसवणूक आणि करार रद्द करायचा हक्क तुझा.

मूळ बिल माग, त्यावरचा सिरीयल नंबर लॅपटॉपच्या तळाशी असलेल्या नंबराशी ताडून बघ. चोरीची वस्तू असेल, तर पूर्ण पैसे मोजूनही मालकी मिळत नाही. मूळ मालक ती परत मागू शकतो आणि तुला पैशांसाठी विकणाऱ्याच्या मागे लागावं लागतं.

आता सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा. सौदा आज पक्का झाला, लॅपटॉप रविवारी आणायचा, आणि मधल्या रात्री विकणाऱ्याची काही चूक नसताना तो जळाला. नुकसान कुणाचं? वस्तू ठरलेली, द्यायला तयार आणि सौदा बिनशर्त असेल, तर माल विक्री अधिनियमाच्याच कलम २० प्रमाणे मालकी सौद्याच्या क्षणीच तुझ्याकडे येते आणि कलम २६ प्रमाणे जोखीमही. पैसे दिले नसले तरी! दोन्ही बाबतींत वेगळं ठरवायची मुभा कायद्यात आहे, तेव्हा मेसेजमध्ये एक ओळ घाल: 'रविवारी चालू करून तपासल्यावरच सौदा पक्का, ताबा देईपर्यंत जोखीम विकणाऱ्याची.'

आधी पैसे देणार असशील तर तो विसार (सौदा पाळण्याची हमी म्हणून दिलेले पैसे) की किमतीपैकी आगाऊ रक्कम, हे स्पष्ट लिही. तू मागे फिरलास तर विसार बुडू शकतो. आगाऊ रकमेतून मात्र विकणाऱ्याला फारतर खरं नुकसान वळतं करता येतं.

पावतीवर दोघांची नावं, मॉडेल, सिरीयल नंबर, रक्कम, तारीख आणि सांगितलेले दोष असू देत. खाली दोघांच्या सह्या.

तुझा,
काका