दुसरा गिअर खरखरतो, चौथा निसटतो: गिअरबॉक्स खोलून बनवावा की दुसरा आणून बसवावा?

बनवा. बदलू नका. माझं उत्तर खरं तर इथेच संपलं, पण तुम्ही ‘चौथा निसटतो’ असं लिहिलंत आणि आता मला गप्प बसवत नाही.

ज्यांनी प्रश्न नीट वाचला नाही त्यांच्यासाठी: जुना फोर बाय फोर ट्रक आहे, पाच गिअरचा मॅन्युअल बॉक्स. दुसरा टाकताना खरखर होते, आणि उतारावर पाय उचलला की चौथा आपोआप न्यूट्रलला येतो. मेकॅनिक म्हणतो दुसरा बॉक्स टाका, एका दिवसाचं काम. विचारणाऱ्याला हाच खोलायचाय, घरी, स्वतः.

माझ्याही ट्रकचा चौथाच निसटायचा. सुरुवातीला फक्त लांब उतारावर. लिव्हर हळूच, कोणी बोटाने ढकलल्यासारखा, मधे येऊन बसायचा आणि इंजिन एकदम हलकं व्हायचं. लो रेंज (चढाचे हळू, जोराचे गिअर) नाही, खडकाळ वाट नाही, साधा उतार. मग मी एक हात कायम लिव्हरवर दाबून चालवायला लागलो. सहा महिने. हे करू नका. सतत दाब राहिला की सिलेक्टर फोर्क (लिव्हरने हलणारा चिमटा) स्लीव्हच्या, म्हणजे गिअर जोडणाऱ्या सरकत्या कड्याच्या, खाचेत घासत राहतो आणि एका दुखण्याची दोन होतात.

तेव्हा दाजी म्हणाले, “खोलायच्या भानगडीत पडू नकोस. भंगारातून चांगला बॉक्स काढू आणि बसवून टाकू.” दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. गाड्यांमधलं त्यांना कळतं, हे मी आजही नाकारत नाही. आम्ही बॉक्स आणला. इनपुट शाफ्ट हलवून पाहिला, पाचही गिअर हाताने टाकून पाहिले, तेल ओतून त्यात पितळेचा चुरा आहे का पाहिलं. सगळं ठीक. ट्रान्स्फर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी आणि लो रेंज देणारी पेटी, आधी वेगळी केली (बॉक्स आणि ट्रान्स्फर केस एकत्र उतरवणाऱ्यांची पाठ एकदाच चांगली असते), मग बॉक्स मागे ओढला.

बॉक्स बाहेर, क्लच बदलायचा म्हणून बेल हाउसिंगही (क्लचवरचं, इंजिन आणि बॉक्सच्या मधलं आवरण) बाहेर. इंजिनाचं मागचं तोंड पुसत होतो तेव्हा दिसलं. डॉवेलची, म्हणजे हाउसिंगची नेमकी जागा ठरवणाऱ्या पिनांची, दोन भोकं, डॉवेल एकातच. दुसरं भोक रिकामं, आतून तांबूस गंजलेलं.

“दाजी, इथली पिन नाहीये.”

“अरे, सहा बोल्ट आहेत की! पिनने काय होतंय?”

हे वाक्य लक्षात ठेवा, आपण पुन्हा त्याच्याकडे येणार आहोत.

तीन महिने मजेत गेले. चौथ्या महिन्यात, त्याच उतारावर, तोच लिव्हर, तसाच हळूच मधे. दाजींचं म्हणणं, सेकंडहँड बॉक्स म्हणजे नशिबाचा भाग, आणखी एक बघू. मी म्हटलं, बस्स. जुना बॉक्स ताडपत्रीखाली होता तो ओढून बाहेर काढला आणि खोलला.

आणि त्याने सगळं सांगितलं. चौथा म्हणजे आपल्या या बॉक्समध्ये डायरेक्ट गिअर. त्यात जोर काउंटर शाफ्टमधून (बाजूच्या समांतर दांड्यातून) फिरून येत नाही, स्लीव्ह सरकून इनपुट शाफ्टला थेट मेन शाफ्टशी जोडते. इनपुट शाफ्टचं पुढचं टोक क्रँकच्या टोकातल्या छोट्या पायलट बेअरिंगमध्ये, मागचं बॉक्सच्या बेअरिंगमध्ये. ही दोन बेअरिंगं एका रेषेत नसतील तर शाफ्ट प्रत्येक फेऱ्याला किंचित मान हलवतो, आणि त्या हलण्याबरोबर स्लीव्ह केसाकेसाने बाहेर सरकते. जोर लागलेला असतो तोवर दात एकमेकांना धरून ठेवतात. उतारावर पाय उचलला, जोर उलटा झाला, की सुटली.

पायलट बेअरिंगच्या सुयांचा भुगा झाला होता. शाफ्टचं टोक निळं पडलेलं. चौथ्याचे डॉग दात (स्लीव्ह ज्यांत अडकते ते छोटे दात) एकाच बाजूने गोल झालेले. पण मी सगळ्यात जास्त वेळ पुढच्या बेअरिंगची बाहेरची रिंग हातात धरून बघत बसलो. गोळ्या फिरतात तिथे एक चकचकीत पट्टा उमटतो. तो रिंगेला समांतर असायला हवा. माझा तिरका होता, एका बाजूला वर चढलेला, समोरच्या बाजूला खाली उतरलेला. बेअरिंग जुनं झालं म्हणून पट्टा तिरका होत नाही. ते वाकडं बसवलं होतं म्हणून होतो.

दुसऱ्या बॉक्सचा दोष नव्हताच. तिसरा आणला असता तर तोही मेला असता.

मग डायल गेज (बारीक फरक सुईने दाखवणारं माप) आणला. बेल हाउसिंग पुन्हा इंजिनाला कसलं, गेजचा मॅग्नेट फ्लायव्हीलवर, सुई हाउसिंगच्या मधल्या मोठ्या भोकाच्या कडेवर, आणि इंजिन हाताने हळूहळू एक फेरा फिरवला. पूर्ण फेऱ्यात सुईचा फरक पाव मिलिमीटरच्या आत हवा, शक्यतो त्याच्या निम्मा. माझा आला ०.६. नवीन डॉवेल ठोकून तेच हाउसिंग, तेच सहा बोल्ट: ०.१.

बोल्ट धरून ठेवतो, जागा दाखवत नाही. बोल्टच्या भोकात मोकळीक ठेवावीच लागते, नाहीतर तो घुसणार कसा? एकाच डॉवेलवर हाउसिंग लटकलं की ते त्या डॉवेलभोवती तेवढ्या मोकळिकीपुरतं फिरतं आणि तिथेच घट्ट होतं. मग बारा बोल्ट मारा, वाकडं ते वाकडंच. दाजी, वाचताय ना?

आता तुमचा दुसरा गिअर. त्यासाठी सिंक्रो रिंग बघा, म्हणजे गिअर टाकताना दोन्हींचा वेग जुळवणारी पितळी रिंग. रिंग गिअरच्या कोनावर हाताने दाबा आणि रिंगेचे दात नि डॉग दात यांच्यामधली फट फीलर गेजने (मोजक्या जाडीच्या पात्यांनी) चारही बाजूंनी मोजा. नवीन रिंगेला ती साधारण एक मिलिमीटरच्या आसपास भरते, झिजलेली रिंग कोनावर आत आत जात राहते आणि फट उरत नाही. नेमकी मर्यादा तुमच्या बॉक्सच्या मॅन्युअलमध्ये असते, तीच धरा. फट बरी असली तरी रिंगेच्या आतल्या बारीक आट्यांवरून नख फिरवा. त्या धारदार हव्यात, कारण कोनावरचं तेल कापायचं काम त्यांचं. नख सुळकन घसरलं तर रिंग संपली. नवीन रिंग बसवताना आधी गिअर ऑइलमध्ये बुडवून ठेवा, कोरडी बसवू नका. आणि हब, स्लीव्ह यांच्यावर खोलण्यापूर्वीच खूण करा. स्लीव्ह उलटी बसते, सहज बसते, आणि मग सगळं पुन्हा खोलावं लागतं. विचारू नका कसं माहीत.

बाकीचं खोलणं-जोडणं मी लिहीत बसत नाही, मॅन्युअलमध्ये चित्रांसकट असतं. फक्त दोन गोष्टी. मेन शाफ्टच्या पुढच्या टोकाला सुट्या सुया असतील तर त्या मोजून ठेवा, ग्रीसने चिकटवून बसवा आणि बसवल्यावर पुन्हा मोजा. आणि सर्क्लिप (अडकवायच्या कड्या), शिम (अंतर भरायच्या पातळ चकत्या) जिथून निघाले तिथलेच आहेत असं गृहीत धरू नका. बेअरिंग नवीन आलं की एंड प्ले (शाफ्टची पुढे-मागे हलण्याची मोकळीक) नव्याने मोजायचा, शिमची जाडी त्यावरून ठरते. लोक इथेच घाई करतात आणि मग ‘घरी बनवलेला बॉक्स टिकत नाही’ म्हणून सांगत फिरतात.

तेलावरून तर आमच्याकडे अख्खं जेवण थंड झालंय. दाजींचा नियम: डिफरन्शियलला जीएल-५, मग बॉक्सलाही तेच, एकच डबा. (जीएल-४, जीएल-५ हे गिअर ऑइलचे दर्जे.) जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची भर जीएल-४ च्या जवळपास दुप्पट असते. ती डिफरन्शियलच्या हायपॉइड गिअरसाठी असते, तिथे दात एकमेकांवर घासत सरकतात. पितळेच्या सिंक्रोला तिची गरज नाही. उलट काही तेलांतलं गंधक पितळ खातं, आणि रिंग-कोनात जी पकड हवी तिथे घसरण येते. माझ्या बॉक्सच्या मॅन्युअलमध्ये जीएल-४ लिहिलं होतं, मी तेच घालतो. प्रत्येक बॉक्सला हेच असं मात्र समजू नका. बोर्ग-वॉर्नरचा ‘वर्ल्ड क्लास’ टी-५ हा मॅन्युअल बॉक्स ऑटोमॅटिक ट्रान्समिशनच्या तेलावर चालतो. आणि आताची काही जीएल-५ तेलं पितळ सांभाळतात, हेही खरं (हे दाजींना सांगू नका). जुनं तेल काढण्याआधी भरायचा प्लग उघडतोय का ते बघा. बॉक्स रिकामा करून बसल्यावर वरचा प्लग गोल झाल्याचं कळण्यासारखी मजा नाही.

तेल चहासारखं दुधट निघालं तर पाणी गेलंय. ओढा ओलांडताना तापलेला बॉक्स एकदम गार होतो, आत हवा आकसते, ब्रीदर (बॉक्सचं हवा जाण्या-येण्याचं भोक) चिखलाने बुजलेला असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं. ब्रीदरला नळी लावून ती वर, इंजिन खोलीत उंच न्या. ऑफ-रोड ट्रकच्या बॉक्ससाठी एवढं स्वस्त काम दुसरं नाही.

परत चढवताना बोल्ट आवळून बॉक्स पुढे ओढायचा नाही. कधीच नाही. बॉक्स हाताने सरकत बेल हाउसिंगला टेकला पाहिजे. टेकत नसेल तर क्लच प्लेट मधोमध नाही किंवा स्प्लाइन (शाफ्टवरच्या उभ्या खाचा) जुळत नाहीये. दोन लांब बोल्टची डोकी कापून, टोकाला स्क्रू ड्रायव्हरची खाच पाडून गाइड करा आणि त्यांवरून सरकवा. बॉक्सचं वजन क्लच प्लेटच्या हबवर टांगलं तर हब वाकतो, आणि मग नव्या बॉक्समध्येही दुसरा खरखरतो.

बदलणं कधी बरोबर? केसच तडकली असेल तेव्हा. किंवा रेशोच (इंजिनाच्या किती फेऱ्यांना पुढे एक फेरा, ते प्रमाण) दुसरा हवा असेल तेव्हा. एएक्स-१५ या पाच गिअरच्या बॉक्समध्ये पहिला ३.८३. ट्रान्स्फर केसचा लो २.७२ आणि अॅक्सल ४.१० धरला तर गुणाकार ४२.७ येतो. त्याच जागी रुंद रेशोचा टी-१८ टाकला, पहिला ६.३२, तर तोच गुणाकार ७०.५. खडकावर ट्रक मुंगीसारखा चढतो, क्लच जळत नाही. पण टी-१८ चार गिअरचा, पहिल्याला सिंक्रो नाही, ओव्हरड्राइव्ह नाही, मोठ्या रस्त्यावर इंजिन रडतं. आणि बॉक्स बदलला की अडॅप्टर, इनपुट शाफ्टच्या स्प्लाइन, दोन्ही प्रॉपेलर शाफ्टची लांबी, खालचा क्रॉस मेंबर, लिव्हर जिथून वर येतो ते फ्लोअरचं भोक, स्पीडोमीटरचा गिअर, सगळं पुन्हा जुळवायचं. हे ‘एका दिवसाचं काम’ म्हणणाऱ्याला पहिल्या दिवशी संध्याकाळी फोन करा.

हे सगळं वाचून लगेच जॅक लावू नका, हे मी आधी लिहायला हवं होतं. गाडी उभी, इंजिन चालू, क्लच पूर्ण दाबा, पाच-सहा सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. रिव्हर्सलाही खरखर झाली तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. हायड्रॉलिकमध्ये हवा असेल, सिलिंडर गळत असेल, फोर्क वाकला असेल. मग तुमच्या दुसऱ्या गिअरचं दुखणं कदाचित बॉक्समध्ये नाहीच. चौथा मात्र क्लचमुळे निसटत नाही. आणखी एक: माझ्या ट्रकला बेल हाउसिंग वेगळं निघतं म्हणून डायल गेज लावता आला. तुमचं केसच्याच ओतकामात असेल तर ते मोजता येणार नाही. दोन्ही डॉवेल जागेवर आहेत का, त्यांच्या भोकांचा आकार लांबट झालाय का, इंजिन आणि बॉक्सच्या तोंडांवर चिखल-रंग साचलाय का, एवढं बघा. ट्रकखाली जाताना स्टँड लावा, नुसत्या जॅकवर नको.

तो जुना बॉक्स मी बनवून परत चढवला. अकरा वर्षं झाली, चौथा जागचा हललेला नाही. भंगारातून आणलेला अजून ताडपत्रीखाली आहे, दाजी दरवर्षी विचारतात काढून टाकू का.

राहिला प्रश्न पिन कुठे गेली. दाजींचं म्हणणं, त्याच्या दोन वर्षं आधी क्लच मी एकट्याने बदलला होता, तेव्हा ती जुन्या बेल हाउसिंगच्या चिखलाबरोबर मीच खरवडून टाकली असणार. असेल. भोकातला गंज पाहता तारीख जुळते. पण ‘पिनने काय होतंय’ हे मी म्हणालो नव्हतो.