पिवळ्या पडलेल्या संत्रा झाडांना खत देण्यापूर्वी मुळे तपासावीत

प्रश्न (काटोल तालुका): भारी काळ्या जमिनीत दोन वर्षांपूर्वी नागपुरी संत्र्याची कलमे लावली. पावसाळ्यानंतर काही झाडे पिवळी पडली असून शेंडे वाळत आहेत. युरिया दिला, पाणीही वाढवले, तरी फरक नाही. दोन झाडांना बुंध्याजवळून जोमदार फुटवे आले आहेत. ते ठेवावेत काय?

उत्तर: आपल्या वर्णनावरून झाड उपाशी नसून त्याची मुळे गुदमरली असण्याची शक्यता अधिक वाटते, म्हणून युरिया व वाढवलेले पाणी दोन्ही तूर्त थांबवावे. खोडापासून हातभर अंतरावर माती हलकेच उकरून एक बारीक मूळ नखांनी ओढून पाहावे. साल ओल्या पिशवीसारखी निसटून आत नुसता दोरा राहिला आणि मातीला आंबूस वास आला, तर ती फायटोफ्थोरा बुरशीची मूळकूज समजावी. मुळे पांढरी व टणक असतील आणि नव्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला असेल, तर कारण वेगळे असून चुनखडीच्या जमिनीत लोह व जस्त मिळत नसल्याचे ते लक्षण असते.

मूळकूज आढळल्यास प्रथम कलमाचा जोड, म्हणजे खालच्या खुंटावर संत्र्याचे कलम बांधलेली जागा, पाहावा. तो जमिनीच्या वर साधारण वीतभर असावा लागतो. परंतु मजूर आळे करताना माती बुंध्याशी ओढतात आणि जोड गाडला जातो, हे आपल्या भागात सर्रास दिसते. ती माती काढून जोड मोकळा करावा, खोडाला पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळे (आतले कोरडे, बाहेरचे पाण्याचे) करावे आणि दोन ओळींनंतर उताराच्या दिशेने फूट-दीड फूट खोल चर काढावा. निचरा झाल्याशिवाय औषधाचा खर्च वाया जातो. त्यानंतर मेटॅलॅक्झिल व मॅन्कोझेबचे संयुक्त बुरशीनाशक लिटरला 2.5 ग्रॅम या प्रमाणात पाण्यात मिसळून मुळांच्या परिघात मातीत ओतावे (आळवणी).

खोडावरील डिंकाळलेली साल चाकूने खरवडून बोर्डो मलम लावावे. त्यासाठी 1 किलो मोरचूद व 1 किलो कळीचा चुना प्लास्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत 5-5 लिटर पाण्यात भिजवून मग एकत्र करावा. त्यात बुडवलेल्या विळ्यावर तांबूस थर आला, तर चुना कमी पडला असे समजून तो वाढवावा. वाळलेले शेंडे हिरव्या भागापर्यंत छाटावेत आणि या वयात आलेली फुले-फळे निःसंकोच तोडावीत. ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी मिसळलेले कुजलेले शेणखत आळवणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी द्यावे, आणि रासायनिक खत नवी पालवी दिसल्यावरच, तेही थोडे थोडे.

बुंध्यावरील फुटवे जोडाच्या खालून आले असतील आणि काटेरी असतील, तर ते खालच्या जंभेरी खुंटाचे आहेत, संत्र्याचे नव्हेत. ते कोवळे असतानाच बुडापासून काढावेत. वरचे संत्र्याचे कलम पूर्ण वाळले असेल, तर ते झाड मुळासकट काढून खड्डा उन्हाळाभर तापू द्यावा आणि पुढच्या पावसाळ्यात तेथे नवे कलम लावावे.