प्रार्थनेआधी बदलीचा तक्ता

प्रिय मित्रा,

मुलांच्या फुटबॉल संघाची जबाबदारी तू घेतलीस, याचा फार आनंद झाला. सरावाच्या वेळी प्रार्थना कधी आणि किती घ्यावी, असं तू विचारलं आहेस. ते सांगतोच. पण त्याआधी एक पाहा: कोण किती मिनिटं बाकावर बसणार, हे तू सामन्याआधी लिहून काढतोस का? प्रशिक्षकाचा विश्वास मुलं सगळ्यात आधी तिथे ओळखतात.

शरीराचे जे अवयव अशक्त दिसतात तेच आवश्यक आहेत, असं प्रेषित पौल बायबलमधल्या १ करिंथ १२ मध्ये सांगतो. हे वचन मैदानावर आणायचं तर गणित करावं लागतं. समज, मुलं १२ आहेत, मैदानात ७ आणि सामना ४० मिनिटांचा. पाच-पाच मिनिटांचे ८ टप्पे पाड. एकूण ५६ जागा होतात. म्हणजे आठ जणांना ५ टप्पे आणि चौघांना ४. पुढच्या सामन्यात या चौघांना ५ मिळालेच पाहिजेत. गोलरक्षक दर टप्प्याला बदलू नकोस, मध्यंतराला बदल. शेवटचा टप्पाही फिरता ठेव, नाहीतर मिनिटं सारखी भरतात पण अटीतटीच्या वेळी मैदानात कायम तीच मुलं दिसतात, आणि बाकीच्यांना ते बरोबर कळतं. तक्ता आदल्या रात्री कागदावर करून मदतनिसाच्या हाती दे. एका गोलने मागे पडलास की कच्च्या खेळाडूला बाहेरच ठेवावं असं वाटू लागतं, आणि नुसता मनात ठरवलेला तक्ता अशा वेळी मोडतो. १२-१३ वर्षांपर्यंत हेच योग्य आहे असं माझं ठाम मत आहे. त्यापुढच्या स्पर्धात्मक संघात वेळ कमीजास्त होईल, पण निकष हंगामाआधी सांगितलेले हवेत.

आता प्रार्थना. अर्धं मिनिट पुरे. सराव संपला, सूचना झाल्या, ‘आता घरी जा’ असं सांगून झालं की मग ज्यांना थांबायचंय त्यांच्याबरोबर कर. सगळ्यांना वर्तुळात उभं करून ‘ज्यांना नको त्यांनी बाजूला व्हा’ असं म्हणणं म्हणजे मोकळीक नव्हे. कोण खेळणार हे ठरवणाऱ्या माणसासमोरून, मित्रांच्या देखत, दहा वर्षांचं मूल बाजूला होत नाही. कोण थांबलं, कोण गेलं याची मनातही नोंद ठेवू नकोस. पालकांना हे आधीच लेखी कळव, आणि संघ शाळेचा किंवा सरकारी संस्थेचा असेल तर तिथले नियम आधी विचार.

विजय मागू नकोस. हरलेलं मूल त्यातून एवढंच शिकतं की देवाला दुसरा संघ आवडला किंवा आपला विश्वास कमी पडला. दोन्ही संघांतल्या कुणाला इजा होऊ नये, पंचांना नीट निर्णय देता यावेत, एवढं माग आणि आभार मान. फिलिप्पै ४:१३ (‘जो मला सामर्थ्य देतो त्याच्यामुळे मी सर्व काही करू शकतो’) खेळाडूंच्या फार तोंडी असतं, पण त्याच्या आधीची दोन वचनंही मुलांना वाचून दाखव. तिथे पौल विपुलतेत आणि उपासमारीत समाधानी राहण्याबद्दल बोलतो. हरल्यावर ते जास्त उपयोगी पडतं.

क्षमेचा अर्थ शिस्तीला सुट्टी असा होत नाही. मुलानं मुद्दाम पाय घातला किंवा शिवी दिली, तर एक टप्पा बाहेर. त्यानं स्वतः जाऊन माफी मागायची. आणि परत मैदानात आल्यावर तो विषय तुझ्या तोंडून पुन्हा निघता कामा नये. हा तिसरा भाग बहुतेक प्रशिक्षक विसरतात. शिक्षा म्हणून धावायला लावू नकोस. धावणं नकोसं झालेलं मूल खेळही सोडतं. डोक्याला मार लागून मेंदूला धक्का बसल्याची शंका जरी आली, तरी त्या दिवशी खेळ बंद आणि डॉक्टरकडे. प्रार्थना जरूर कर, पण मैदानात परत पाठवू नकोस.

एका बाबतीत कठोर राहा. कोणत्याही मुलाबरोबर बंद खोलीत किंवा गाडीत एकटा थांबू नकोस. निरोप पालकांना सामील करूनच पाठव. एखाद्या मोठ्या माणसानं मुलाशी गैरवर्तन केल्याचं कळलं, तर ‘चर्चच्या मंडळीतच मिटवू, क्षमा करू’ हा सल्ला ऐकू नकोस. आधी मूल सुरक्षित कर आणि लगेच पोलिसांना किंवा बालसंरक्षण यंत्रणेला कळव.

रविवारी उपासनेच्या दिवशीच सामना आला तर काय, हा प्रश्न वेळापत्रक हाती येताच सोडव. रविवार देवाचा दिवस म्हणून पाळणारा स्कॉटिश धावपटू एरिक लिडेल यानं १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रविवारच्या प्राथमिक फेरीमुळे १०० मीटर सोडली, पण हे वेळापत्रक त्याला काही महिने आधीच कळलं होतं. म्हणून तो ४०० मीटरची तयारी करू शकला आणि ती त्यानं ४७.६ सेकंदांत जिंकली. पुढे चीनमधल्या नजरकैदेच्या छावणीत रविवारी पंचांविना खेळणारी मुलं भांडू लागली, तेव्हा तोच पंच म्हणून उभा राहिला. उपासनेसाठी गैरहजर राहिलेल्या मुलाचे पुढच्या सामन्यातले टप्पे कापू नकोस. दुसऱ्या धर्माचं मूल त्याच्या सणाला आलं नाही, तरी नियम हाच.

प्रभूत तुझा,
एक जुना प्रशिक्षक