दरवर्षी रंग देऊनही लोखंडी गेट पुन्हा का गंजतं?

दोष बहुधा रंगाचा नसतो, रंगाखाली राहून गेलेल्या गंजाचा असतो. फुगलेला पोपडा खिळ्याने उचलून बघा. खाली तपकिरी-काळे पापुद्रे दिसतील, बोटाला दमट लागतील. रंगाच्या थरातून पाणी आणि ऑक्सिजन थोडे थोडे झिरपतच असतात, आणि गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. तो आतून रंगाला उचलतो.

म्हणून सगळ्यात जास्त वेळ घासण्याला द्या. आधी थिनरच्या फडक्याने तेल-ग्रीस पुसा; ते राहिलं तर घासताना सगळीकडे चोळलं जातं. मग वायर ब्रश आणि शेवटी 80 नंबरचा पॉलिश पेपर. नुसत्या वायर ब्रशने घट्ट गंज निघत नाही, फक्त चकाकतो, आणि इथेच बहुतेकजण फसतात. बारीक काळ्या खळग्यांत क्षार अडकलेले असतात. ते गोड्या पाण्याने धुऊन लगेच पूर्ण कोरडं करा. तरीही खळग्यांत गंज उरला, तर तेवढ्याच जागी फॉस्फोरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंजाचं स्थिर थरात रूपांतर करणारं द्रावण, लावा. सुट्या पापुद्र्यांवर ते लावून उपयोग नाही.

घासलेलं लोखंड रात्रभर उघडं ठेवू नका, त्याच दिवशी प्रायमर मारा. मात्र दव पडलेलं असताना किंवा पावसाळी हवेत नको. लोखंड दवबिंदूपेक्षा, म्हणजे हवेतली वाफ ज्या तापमानाला दव बनून साचते त्यापेक्षा, किमान 3 अंश सेल्सिअसने गरम हवं. माझी पसंती झिंक फॉस्फेट प्रायमरला. रेड ऑक्साइडमधला लाल रंग म्हणजे लोहाचाच ऑक्साइड, तो आडोसा करतो. गंजाची क्रिया रोखत नाही.

गंज सुरू होतो तो कडांपासून. ओला रंग धारदार कडेवरून मागे सरकतो आणि तिथे थर सगळ्यात पातळ राहतो. कानशीने कडा गोल करा. मग कडा, वेल्डिंगचे जोड आणि बोल्ट यांना ब्रशने प्रायमरचा एक जादा हात द्या. त्यानंतर पूर्ण गेटला प्रायमरचे दोन आणि एनॅमलचे दोन हात, प्रत्येक वेळी डब्यावर लिहिलेलं अंतर ठेवून.

गेट जस्त चढवलेलं असेल तर साधं एनॅमल थेट लावू नका. जस्त आणि रंगातलं तेल यांचा साबण होतो आणि रंग सालीसारखा सुटतो. आधी जस्तासाठीचा खास प्रायमर हवा.

आणि पोकळ पाइपचं तळाचं टोक जरूर तपासा. आत पाणी साचत असेल तर सर्वांत खालच्या जागी 8 मिलिमीटरचं भोक पाडा, नाहीतर बाहेरचा रंग शाबूत असतानाच पाइप आतून कुजतो.