शब्द जमवायचे तर भांडण ऐक

भाऊ, बोलीतल्या शब्दांची वही घातलीस, फार बरं वाटलं. सुरुवातीला दोनच गोष्टी सांभाळ.

पहिली मोठी. नुसता शब्द उचलू नको, अख्खं वाक्य लिही. कोण, कुणाला, कशावरून बोललं तेही. आपल्याकडे वऱ्हाडात 'वावर' म्हणजे शेत, पुण्याच्या शहरी बोलण्यात तोच शब्द ये-जा, राबता सांगतो. गेल्या पेरणीआधी आमच्या शेजारचे दोघे भाऊ धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून भांडले. धाकटा ओरडला, "तुह्या वखरानं माहा धुरा खाल्ला!" वखर, म्हणजे पेरणीआधी रान मोकळं करायचं औत, धुरा 'खातो', हे मला तिथंच कळलं. माणूस तावात आला की शब्द निवडत बसत नाही, म्हणून भांडणात भाषा सगळ्यात जिवंत सापडते.

दुसरी: आजचाच अर्थ जुना समजू नको. 'राजीनामा' मुळात फारसी, राजीखुशीचं लेखी पत्र. हिंदीत तो तडजोडीचा कागद, मराठीत नोकरी किंवा पद सोडणं. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती अशा वेळी उघडत जा.

नवखे चुकतात ते इथं:
- 'माहा'चं 'माझा' करून लिहितात. तसं केलंस तर हाती काय उरलं?
- भांडण चालू असतानाच वही काढतात. घरी येऊन लिही, माणसं दुखावतात.

व्युत्पत्तीचं पुढं बघू. आधी शंभर वाक्यं भर, मग वही घेऊन ये.