बीड जिल्ह्यातल्या वस्तीवरून ११२ लावला तर फोन कुठे जातो? पत्ता कसा सांगायचा?

फोन आधी नवी मुंबईच्या किंवा नागपूरच्या केंद्रात उचलला जातो. तिथून माहिती बीडच्या पोलीस नियंत्रण कक्षात येते आणि गाडी बीडचाच कक्ष पाठवतो. जिल्ह्याच्या कक्षात मी काही वर्षं काढली आहेत, त्यावरून सांगतो: वेळ गाडी निघण्यात कमी, गाव ओळखण्यात जास्त जातो. फोन घेणाऱ्याने तुमचं शिवार पाहिलेलं नसतं. ‘पिंपळगावातून बोलतोय’ म्हटलं की संपलंच, मराठवाड्यात पिंपळगावं आणि वडगावं किती, मोजायला बसू नका. म्हणून या क्रमाने सांगा:

- जिल्हा, तालुका, मग गाव
- वस्ती किंवा तांडा, आणि मोठ्या रस्त्यावरचा फाटा
- काय झालं, किती माणसं जखमी

‘पाटलाच्या मळ्याजवळ’ ही खूण गावकऱ्यालाच कळते. शाळा, पाण्याची टाकी, पेट्रोल पंप सांगा. जमलं तर एकाला फाट्यावर उभं करा, रात्री तर हमखास. आणि बोलणं झालं की फोन मोकळा ठेवा, गाडीवाल्यांचा उलटा फोन येतो तेव्हा नंबर बिझी लागला की सगळं अडतं.

मोबाइलवरून लोकेशन आपोआप मिळतं हे खरं, पण जीपीएस नसेल आणि नुसत्या टॉवरवर भागवावं लागलं तर ते काही किलोमीटर चुकू शकतं. आष्टीकडच्या सीमेवरच्या गावाला टॉवर शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलाही मिळू शकतो, तेव्हा जिल्ह्याचं नाव तोंडानेच सांगा.